टकलाबद्दल बोलू नका

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे आणि मला राग आलेला आहे. आपली कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू बहुधा सोशिक असतात. मोडकी खुर्ची कुरकुरत का होईना, सगळ्यांना माफ करते. फाटकी छत्री डोळे पुसते आणि झालं गेलं विसरून जाते. मी तसा नाही. माझी कहाणी ऐकायची असेल तर रागासकट ऐकावी लागेल.

माझा जन्म पांढऱ्याफटक दिव्यांच्या एका लांबलचक खोलीत झाला. माझ्या पोटात कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ पडदा आहे. समोर कुणी बोललं की तो थरथरतो, आणि ती थरथर वायरीतून कर्ण्यांपर्यंत पोहोचते. तो पडदा बसवणारी बाई श्वास रोखून काम करायची, कारण तिच्या नुसत्या फुंकरीनेही तो जागचा हलायचा. काम झाल्यावर ती मला तोंडाजवळ धरून म्हणाली, "ऐकू येतंय का?" ती हे प्रत्येक माईकला विचारायची, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र मला वाटलं, ती फक्त मलाच विचारते आहे. अंगावरची चंदेरी जाळी नवी कोरी होती आणि मी हरखून गेलो होतो.

मला एका मोठ्या हॉलने विकत घेतलं. मेजवान्या, वाढदिवस, कंपन्यांचे सोहळे असं सगळं तिथे चालायचं. तिथल्या आवाजाची सगळी व्यवस्था एक गृहस्थ बघायचे. वाढप्यांपासून व्यवस्थापकापर्यंत सगळे त्यांना मामा म्हणायचे. कार्यक्रम संपला की मामा माझी जाळी मऊ फडक्याने पुसायचे, वायर सैलसर गुंडाळायचे आणि मला डब्यात निजवायचे. कुणी माझ्यावर टकटक केलं की ते करवादायचे, "अहो, दार आहे का ते? बोला की त्याच्याशी, माणसासारखं!"

सुरुवातीची वर्षं खरोखर चांगली गेली. माझ्यासमोर घरचीच माणसं बोलायची. बापाला मुलीबद्दल चार शब्द बोलायचे असायचे आणि दुसऱ्याच शब्दाला तो रुमाल शोधायला लागायचा. निवृत्त होणारी शिक्षिका आभार मानता मानता वर्गातल्यासारखं सगळ्यांना गप्प बसवायची. कुणी चांगलं बोलायचं, कुणी ततपप करायचं, पण जे बोलायचं ते स्वतःचं असायचं.

मग वारं फिरलं. जेवणानंतर कुणीतरी प्रसिद्ध माणूस बोलायला आणायचा, अशी कंपन्यांची रीत झाली. असे वक्ते पुरवणारा एक दलाल हॉलवर येऊ-जाऊ लागला. त्याच्या अंगाला अत्तराचा घमघमाट असायचा आणि जिभेला हाड नव्हतं. फोनवर तो गिऱ्हाईकाला विचारायचा, "कसा हवाय? हसवणारा, रडवणारा, की प्रेरणा देणारा? हसवणारा घ्या. जेवण पचतं."

असे कितीतरी वक्ते मी सोसले. एक नामांकित गोलरक्षक यायचा. त्याने एकदा अडवलेला चेंडू तो दर मेजवानीत पुन्हा अडवायचा, आणि दर वेळी तो चेंडू थोडा अधिक जोरात आलेला असायचा. एक माजी मंत्री साधेपणावर बोलायचे आणि त्यांच्या गाड्यांच्या ताफ्याने पाहुण्यांच्या गाड्या अडकून पडायच्या. एक गिर्यारोहक सगळ्या साहेबांना सांगायचा की तुम्हीच खरे शिखरवीर. साहेब लोक माना डोलवायचे. त्यांच्यापैकी निम्म्यांना हॉलचा जिना चढताना धाप लागलेली असायची. भाड्याच्या कौतुकाला मी कर्ण्यांतून मोठं करत होतो. पण तोवर मला राग आला नव्हता, नुसता कंटाळा यायचा.

त्या सगळ्यांत एक बाई मला आवडायची. ती विनोद सांगायची. भल्याभल्यांना बोलता बोलता कोपरखळ्या मारायची, म्हणून तिचं नावच कोपरखळीबाई पडलं होतं. तिची एक सवय होती. मंचावर जाण्याआधी ती यजमानांच्या माणसाला गाठून विचारायची, "या खोलीत मला ठाऊक असावं असं काही आहे का? कुणाचं दुखतं-खुपतं?" मग ते तेवढं टाळून ती बाकी सगळ्यांची टोपी उडवायची. तिच्या विनोदाने माणूस लाल व्हायचा, पण रडत घरी गेला नाही कधी.

एका संध्याकाळी एका मोठ्या कारखान्याची मेजवानी होती. मधल्या टेबलांवर कचेरीतले लोक आणि त्यांच्या बायका होत्या. मुदपाकखान्याच्या दाराशी, जिथे ये-जा करणाऱ्या वाढप्यांचे धक्के लागतात, तिथे कामगारांचं एक टेबल होतं. जेवणाआधी कारखान्याचे मोठे साहेब माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी मला मुठीत आवळून धरलं आणि म्हणाले, "गेल्या महिन्यात बॉयलरपाशी अपघात झाला. एका जुन्या मेस्त्रीच्या निष्काळजीपणाची किंमत आपण सगळ्यांनी मोजली. पण आपण मागे बघत बसणारे लोक नाही. आज हसा, खा, मजा करा!"

टाळ्या पडल्या. दाराजवळच्या टेबलावर एकही हात हलला नाही. मला ते ऐकू आलं. हो मित्रांनो, न पडलेली टाळीसुद्धा माईकला ऐकू येते.

कोपरखळीबाई त्या वेळी हॉलमध्ये नव्हती. ती आली तेव्हा लोक गोडाशी पोहोचले होते. मंचामागच्या बोळात मामा मला तिच्या हातात देत होते आणि दलाल तिथेच उभा होता. तिने नेहमीप्रमाणे विचारलं, "काही सांगण्यासारखं?"

"काही नाही हो," दलाल म्हणाला. "एकच पथ्य. मोठ्या साहेबांच्या टकलाबद्दल बोलू नका. त्यांना लागतं."

"आणि?"

"आणि काय? भले लोक आहेत. मनसोक्त हसवा."

मामांनी तोंड उघडलं होतं, पण दलालाने बाईंना खांद्याला धरून पुढे ढकललंच.

पहिली दहा-पंधरा मिनिटं हॉल नुसता खदखदून हसत होता. वजन कमी करणाऱ्यांवर, सासू-जावयांवर, मीटिंगमध्ये पेंगणाऱ्यांवर ती बोलत गेली आणि लोक टेबलं बडवत राहिले. फक्त एका टेबलावर शुकशुकाट होता. हसवणाऱ्या माणसाला हजार हसणारे दिसत नाहीत, न हसणारा एक दिसतो. ती मंचाच्या कडेला गेली, डोळ्यांवर हात धरून तिने पाहिलं आणि म्हणाली, "अहो, दाराजवळची मंडळी! तुम्हाला काय वेगळं वाढलंय का? एवढे गप्प? कुणी मेलंबिलं की काय?"

मधल्या टेबलांवर सवयीने हसू फुटलं आणि अर्ध्यात विझलं.

दाराजवळचा एक माणूस उभा राहिला. रुंद खांद्यांचा, नवा सदरा गळ्याशी काचत असलेला. कारखान्यात फिटर होता तो. त्याला माईकची गरज नव्हती.

"हो बाई," तो म्हणाला. "माझा थोरला भाऊ."

ते वाक्य माझ्या पडद्यावर येऊन आदळलं.  बाईने मला खाली केलं, मग पुन्हा वर घेतलं.

"मला माफ करा, दादा," ती म्हणाली. "मला कुणी सांगितलं नाही. काय झालं?"

"बॉयलरचा व्हॉल्व्ह अडकत होता. भाऊ सांगून थकला, की दोन दिवस बंद ठेवा, दुरुस्त करू. ऑर्डर पुरी होऊ दे, मग बघू, म्हणाले. भावाच्या तोंडावर वाफ आली." त्याने साहेबांच्या टेबलाकडे बोट केलं. "आणि मघाशी याच माईकवरून हे म्हणाले, त्याचाच निष्काळजीपणा. आमची वहिनी घरी आहे म्हणून बरं. इथं असती तर काय ऐकलं असतं तिनं?"

मोठे साहेब हसले. खरंच हसले, मित्रांनो. "बाई, चला पुढे. हे घरातलं आहे, आम्ही बघू. तुम्ही तुमचं काम करा."

कोपरखळीबाई त्यांच्याकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. माझ्या आयुष्यात मी इतका राग इतक्या हळू आवाजात कधी ऐकला नव्हता.

"माझं काम?" ती म्हणाली. "साहेब, मी मंचामागे विचारलं होतं, काही सांगायचंय का. तुमच्या दलालाने मला तुमच्या टकलाबद्दल सांगितलं. तुमच्या डोक्यावरचे गेलेले केस दुखतात, हे मला सांगितलं. आणि तुमच्या कारखान्यातला माणूस गेला, ते नाही सांगितलं?"

 साहेबांचं टक्कल कानापर्यंत लाल झालं. त्यांनी मामांकडे पाहून मानेवरून बोट फिरवलं, म्हणजे आवाज बंद कर. मामांनी खटक्यावर हात ठेवला, दोनदा दाबल्यासारखं केलं आणि दोन्ही हात वर केले. "अडकलाय, साहेब! हलतच नाही!"

तो खटका लोण्यासारखा हलायचा. मामांना मी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. ते पहिलंच खोटं, आणि काय सुरेख होतं ते!

"तुम्ही मला हसवायला नाही आणलंत," बाई बोलतच होती. "या लोकांचं रडू ऐकू येऊ नये म्हणून आणलंत. मेलेल्या माणसावर आळ घ्यायचा, आणि वरून माझा विनोद पांघरूण म्हणून—"

इथे माझा आवाज गेला. हॉलचा व्यवस्थापक धावत आला होता आणि त्याने भिंतीतली वायर हिसडून काढली. त्या हिसक्याने मी बाईंच्या हातून सुटलो, मंचाच्या कडेवर आपटलो आणि माझ्या जाळीला मोठा पोचा पडला. पण कान शाबूत होते. बाई मंचावरून खाली उतरली, सगळी टेबलं ओलांडत दाराशी गेली आणि एक खुर्ची ओढून फिटरशेजारी बसली.

"भाऊ कसा होता तुझा?" तिने विचारलं.

तो बोलायला लागला. त्या टेबलावरचे बाकीचेही बोलायला लागले. मेस्त्री शिट्टी वाजवायचा तेव्हा बेसूर वाजवायचा, नवशिक्याला शिव्या घालायचा आणि मग स्वतःच्या डब्यातलं जेवू घालायचा. मधल्या टेबलांवरून एक कारकून बाई उठली आणि त्यांच्यात जाऊन उभी राहिली. मग आणखी दोघं गेले. सगळे नाही गेले. बरेच जण ताटातल्या गोडाकडे बघत राहिले. त्यांचाही राग मला अजून आहे.

पुढे काय झालं ते सांगतो. दलालाने बाईंना पुन्हा कधी बोलावलं नाही, आणि तिला भरवशाची नाही म्हणून बदनाम केलं. ती आता छोट्या नाट्यगृहांत बोलते, तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर. दुसऱ्या दिवशी कामगारांनी बॉयलर पेटवायला नकार दिला. सरकारी तपासनीस येईपर्यंत ते फाटकात बसून राहिले. तपासनिसाने व्हॉल्व्ह उघडून पाहिला. तो गंजून घट्ट बसलेला होता, आणि दुरुस्तीची मागणी वरच नाकारली गेली होती, हेही उघड झालं.

हॉलवाल्यांनी मला भंगारात टाकायला सांगितलं. पोचा पडलेला माईक साहेबलोकांच्या हातात शोभत नाही ना! मामांनी मला भंगारात दिलं नाही. त्यांनी माझी जाळी आतून चमच्याने ठोकून जमेल तेवढी सरळ केली आणि मला फिटरच्या हाती सोपवलं. तेव्हापासून मी कारखान्याच्या कामगारांच्या खोलीत आहे. इथे मऊ फडकं नाही. तेलकट हात लागतात, वायर कुणीही गचकन ओढतं, आणि टकटक तर रोज होते. मामांची आठवण येते. पण माझ्यासमोर पुन्हा माणसं स्वतःचं बोलू लागली आहेत, त्यामुळे तक्रार करत नाही.

तक्रार आहे ती वेगळीच. माझ्या समोरच्या भिंतीवर सूचनाफलक आहे. तपासानंतर काही आठवड्यांनी त्यावर एक चिठोरा लागला. सुट्ट्यांचं वेळापत्रक आणि हरवलेल्या किल्लीची सूचना यांच्या मधोमध, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की सदर अपघातास मेस्त्री जबाबदार नव्हते. खाली सही नाही. मेस्त्रीची बायको तो वाचायला आली होती. तिने चष्मा दोनदा पुसला, तरी तिला तो दिराकडून वाचून घ्यावा लागला. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "एवढंच?"

बघा मित्रांनो, माणसावर आळ घेताना माईक लागला, कर्णे लागले, भरलेला हॉल लागला. आळ मागे घेताना एक टाचणी पुरली.

म्हणून तुम्हाला एकच मागणं आहे. आम्हा वस्तूंना जपा, वायर ओढू नका, हे तर आहेच. पण कधी तुमच्या हातात माईक आला, आणि कुणाबद्दल चारचौघांत वेडंवाकडं बोललात, तर नंतर त्याच्या कानात हळूच माफी मागून मोकळे होऊ नका. ज्या आवाजात दुखावलंत, त्याच आवाजात माफी मागा. ज्यांनी ते ऐकलं होतं, त्या सगळ्यांना पुन्हा गोळा करा आणि मग मागा.

मोठ्या साहेबांनी अजून मागितलेली नाही. ते रोज या खोलीवरून गाडीने जातात, काच वर करून. माझी जाळी वाकडी आहे, वायरीला चिकटपट्टी लावलेली आहे, पण आतला पडदा धड आहे. मी चालू आहे. कुणीतरी त्यांना आत बोलवा.