कवडीची वगार

बोंडअळीनं कापसाची बोंडं आतूनच खाल्ली, त्या हंगामातली गोष्ट. फुलसावंगीजवळच्या तांड्यावर धावजीचं घर चंद्री म्हशीच्या दुधावर चाललं होतं, आणि नेमकी तिची कोवळी वगार हगवणीनं गेली. चंद्रीनं दूध चोरलं. कास दगडासारखी घट्ट, पण धार काढायला बसलं की लाथ. असंच चाललं तर ती आटणार, हे धावजीला कोणी सांगायला नको होतं.

पिल्लू समोर दिसलं तर म्हैस पान्हा सोडते, म्हणून वगारीचं कातडं त्यानं जपून सोलून ठेवलं होतं. मीठ-राख चोळून सावलीत वाळवलं आणि पोटात कवडी ठासली. बोंडातून न सुटलेला, पिवळा पडलेला तो कापूस व्यापारी हातात धरत नव्हता. घरात पोती पडून होती. दाभणानं पोट शिवून धावजीनं वगार चार काठ्यांवर उभी केली.

अडचण केसांची झाली. मिठानं चिकटून ते काट्यांसारखे उभे राहिले होते. वगार कमी, साळिंदर जास्त.

धावजीनं शाम्पूची पुडी फोडली. फेस काढून अंग धुतलं, चमेलीचं तेल लावलं आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत फणी फिरवली. केस चापूनचोपून बसले.

"लगन लावता का तिचं?" त्याची बायको नंदाबाई दारातूनच म्हणाली. "आन् माही फणी काहून घेतली?"

"धुऊन देतो ना."

शेजारचा चुलतभाऊ रूपसिंग पाहायला आला. "भिया, भांग तं झकास पाडला. कालेजात धाडून राह्यला का?"

धावजी मनातून खूश होता. पण वगार समोर ठेवताच चंद्रीनं लांबूनच हुंगलं, फुरफुरली आणि बादली उडवून दिली.

"तिले वाटलं, पाव्हणी आली," रूपसिंग म्हणाला.

धावजी हसला नाही. तो रूपसिंगच्या गोठ्यात जाऊन बसला. तिथं दुसरी म्हैस आपल्या वगारीला चाटत होती. तो बारकाईनं पाहत राहिला. पाठीवरचे केस ओलसर, अंगाला चिकटलेले. मानेवरचे मात्र उलटे, वर चढवलेले. कपाळावर भोवरा. सरळ रेघेत एक केस नव्हता.

घरी येऊन त्यानं वगार साध्या पाण्यानं परत परत धुतली, चमेलीचा वास जाईपर्यंत. मग विचारलं, "ते पोतं फेकलं का? ज्याच्यावर ती निजे?"

नंदाबाईनं कोपऱ्यातून घडी केलेलं पोतं काढलं. "फेकाले गेलती. हात नाही झाला."

त्या पोत्यानं त्यानं सगळं अंग घासलं. सरकीच्या ढेपेचं पाणी मीठ घालून वरून शिंपडलं. केस पुन्हा विस्कटले. फणीला त्यानं हात लावला नाही.

चंद्रीनं या वेळी हुंगायला वेळ घेतला. शेपटीकडून सुरुवात केली, पोटाशी थांबली, घशातून बारीक आवाज काढला. मग जीभ निघाली. खांद्यावरून मानेवर, उलटी, एकदा, पुन्हा. मग कपाळावर गोल. जीभ फिरली तिथं केस बसत गेले. पाठ चपटी झाली, मान फुलली, भोवरा आपल्या जागी आला. धावजी बघत होता. ही त्याचीच वगार होती.

"बसा आता, काय पाहून राह्यले!" नंदाबाईनं बादली त्याच्या गुडघ्यांत सरकवली.

त्यानं सडाला हात लावला. कास सैल पडली होती. पहिली धार रिकाम्या बादलीत वाजली, दुसरी फेसात बुडाली. चंद्रीनं पाय हलवला नाही. ती चाटण्यात होती.

रूपसिंग वगारीभोवती फिरून आला. "भिया, केस कसे बसवले रे? जितीच वाटते."

"म्या नाही. तिच्या मायनं."

"आन् माही फणी?" नंदाबाईनं विचारलं.

धावजीनं खिशातून काढून पुढं केली. तिनं हुंगली आणि नाक मुरडलं.

"ठेवा तुमच्याच जवळ. टकलावर फिरवा."

धावजी एवढा हसला की धार बादलीबाहेर गेली.