सहाबारीची दोन कोरडी घरं

वायकाटो नदीच्या वरच्या अंगाला मिलिशियाची, म्हणजे वसाहतीच्या हंगामी फौजेची, एक चौकी होती. चौकी कसली, लाकडी खोपटं. त्यात माणसं दोन: मी, जेबेझ ट्रेविन, आणि आमोस कॉर्लेट. काम टेहळणीचं. तीन वर्षं आम्ही एकमेकांची तोंडं बघत काढली. खरं सांगतो, त्याआधीच्या चाळीस वर्षांत मला कुणाचीच इतकी सवय झाली नव्हती.

मग आमोसला पत्र आलं. नोकरीच्या बदल्यात कबूल केलेली पन्नास एकर जमीन त्याच्या नावावर झाली होती आणि बायको, थर्झा, जहाजाने ऑकलंडला उतरली होती. शनिवारच्या होडीने तो जाणार. हे त्याने चहा ओतता ओतता सांगितलं. माझं डोकंच फिरलं. तू गेलास की मी इथे भिंतींशी बोलू का, असं विचारायचं सोडून मी बोलणंच टाकलं. त्रेचाळीस वर्षांचा घोडा, चार दिवस रुसून बसलो.

"अरे, शिव्या तरी दे," आमोस म्हणायचा. मी लाकडं फोडत राहायचो.

आमच्या बंदुका सहाबारी. ठासणीच्या बंदुकीसारखी दर बाराला दारू ठासायची कटकट नाही. चक्रीतली सहा घरं एकदा भरली की सहा बार सलग. पण प्रत्येक घराच्या तोंडाशी, गोळीवर, चरबी थापावी लागते. नाहीतर एका घराची आग शेजारच्या घरात शिरते आणि बार एकदम उडतात. पुढे नळीखाली धरणाऱ्याचा डावा हात असतो. म्हणून चौकीचा रिवाज असा की एकाने भरायची, दुसऱ्याने सहाही घरांवर अंगठा फिरवून 'भरली' म्हणायचं आणि मगच परत द्यायची.

शुक्रवारी सकाळी आमोसने बंदूक भरून माझ्यापुढे धरली. "जाता जाता तुला रानडुक्कर खाऊ घालतो. खारवलेलं मटण खाऊन तुझं थोबाड बघवेना झालंय."

थंडी मरणाची होती. चरबी दगडासारखी झालेली. मी अंगठा फिरवला. दोन घरं कोरडी होती, चरबी निघून पडलेली. मला कळलं. चांगलं कळलं. त्याने नुसतं "काय रे?" विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण आपण होऊन पहिला शब्द मी काढायचा? मी बंदूक तशीच परत दिली.

"भरली म्हणायलाही जीभ उचलत नाही? बरं बाबा," तो हसत म्हणाला आणि नेच्याच्या झुडपांत शिरला.

मी बसून राहिलो. मग लाज वाटली, उठलो, दारापर्यंत गेलो. एवढ्यात बार झाला. एक नव्हे, एकात एक मिसळलेले तीन.

डाव्या हाताची तीन बोटं आणि अर्धा तळवा गेला. मी हात बांधला, त्याला चौकीच्या लहान होडीत घातलं आणि खालच्या छावणीतल्या डॉक्टरपर्यंत दिवसभर वल्ही मारली. तो शुद्धीवर आला की एकच बोलायचा, "घाई केली रे मी. चूक माझीच." मी वल्ही मारत होतो.

तीन आठवड्यांनी ऑकलंडला त्याच्या बिऱ्हाडी गेलो. थर्झाने माझ्या ताटात गरम पाव वाढला. "यांना वाचवलंत," ती म्हणाली. "आता तुम्ही घरचेच."

आमोसने बांधलेला हात मांडीवर ठेवला. "एका हाताने पन्नास एकर कोण साफ करणार? तूच चल. मागच्या अंगाला तुझी खोली बांधू. तिथे एकटा कुजत बसू नकोस, गड्या."

हेच तर मला हवं होतं. त्या चार दिवसांत त्याने हे एकदा म्हणावं म्हणून मी तडफडत होतो. पण रोज सकाळी त्या हाताला भाकर मोडताना बघायचं आणि थर्झाच्या हातचं गिळायचं? मी ताट बाजूला सारलं.

"नाही जमायचं," मी म्हणालो.

आमोसने मान वर केली. "मी चौकी सोडून निघालो म्हणून अजून राग आहे तुझा?"

तेव्हा तरी खरं सांगायचं. नाही सांगितलं. "हो," म्हणालो आणि टोपी उचलली.

याला अकरा वर्षं झाली. चौकी उठली, मी तिथेच राहिलो. दर नाताळाला आमोसचं पत्र येतं. राग सोड, म्हणतो.