मक्याच्या धाटांतून फुगलेला मी

मी एक जुना फोमचा ठोकळा आहे. थांबा, नाक मुरडू नका! टीव्हीच्या खोक्यात निघतो तो पांढरा, कुरकुरणारा फोम वेगळा आणि मी वेगळा. कणसे काढून घेतल्यावर मक्याची जी धाटे शेतात जाळून टाकतात, त्यांतून माझा जन्म झाला.

ताई आणि तिचा धाकटा भाऊ छोट्याशा कार्यशाळेत ती धाटे दळत, रसायनात मुरवून मधासारखा दाट पाक करत आणि फुगण्यासाठी साच्यात ओतत. पण ताईला दम कुठला निघायला! ती मध्येच झाकण उचलून डोकावायची आणि फोम फुस्सकन खाली बसायचा. कितीतरी ठोकळे असे वाया गेले. शेवटी काचसामान बनवणारे काका, म्हणजे त्यांचे एकुलते एक गिऱ्हाईक, निर्वाणीचे बोलले.

"उद्या तुमच्या फोममध्ये माझी बरणी ठेवून खाली टाकायची. फुटली, तर मी आपला आधीचा पांढरा फोमच घेणार."

कार्यशाळेला कुलूप लागायची वेळ आली होती. म्हणून माझ्या वेळी भाऊ सरळ झाकणावरच बसला.

"अरे, जरा फटीतून बघू दे ना!"

"अजिबात नाही. तुझी नजरच लागते त्याला!"

मित्रांनो, आत काय धमाल चालली होती म्हणून सांगू! मी फुगत होतो, पसरत होतो, चारही कोपरे भरून टाकत होतो. झाकण उघडले तेव्हा मी टम्म! ताई तर नाचायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी मला कोरून माझ्या पोटात बरणी बसवली आणि मला खोक्यात भरले. काकांनी जिन्याच्या वरच्या पायरीवरून खोके सोडले. धाड्! माझा कोपरा चेपला. दोघांचा जीव टांगणीला लागला. काकांनी बरणी उजेडात धरून उलटीपालटी केली. साधा ओरखडाही नव्हता!

"पोरांनो, जिंकलात! आता माझा सगळा माल यातूनच जाणार."

तेव्हापासून मी काचेच्या कपाटात बसलो आहे. पाहुणे माझे कौतुक करतात. माझी धाकटी भावंडे मात्र बरण्या सुखरूप पोचवतात आणि काम संपले की मातीत मिसळून मक्याचे खत होतात. परवा कपाट पुसताना ताई म्हणाली, "याला मी कध्धीच टाकणार नाही."

मित्रांनो, बाकीच्या वस्तू तुम्हाला म्हणतात, आम्हाला जपा. माझे मागणे उलटे आहे. ताईला कुणीतरी सांगा हो, माझ्यावर माया असेल तर कुदळ घे आणि मला शेतात पूर. मला पुन्हा उगवायचे आहे!