हातभर लांब

पाळणाघर चालवणाऱ्या ताईंचा एक नियम होता. रांगायला आलेल्या मुलाच्या हातात खुळखुळा द्यायचा नाही, हातभर लांब ठेवायचा. मूल भोकाड पसरायचं, दारात त्याची आई कळवळायची, "द्या ना हो ताई त्याला!" ताई ढिम्म. "हवंहवंसं वाटू दे जरा. गुडघे आपसूक चालतील." अठ्ठावीस वर्षांत त्यांनी दोनशेवर मुलं अशी पुढे सरकवली आणि दगडाच्या काळजाची बाई असा लौकिकही मिळवला.

नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. माणूस इतका स्वावलंबी, की बायको घरात आहे की नाही याने काही अडू नये. चहा स्वतः करायचा, तुटलेलं बटण स्वतः लावायचं, ताप आला तर गोळी घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचं. "माझं काही काम असतं का हो या घरात?" ताईंनी एकदा विचारलंही होतं. "तुला कशाला त्रास," म्हणून त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. त्यांच्या लेखी ते प्रेम असावं. ताईंपर्यंत ते पोचलं नाही.

मग एके सकाळी अर्धांगवायूने नवऱ्याची उजवी बाजू गेली. रुग्णालयात शेजारच्या खाटेवर एक बसचालक होता. त्याची डावी गेलेली, मागेपुढे कोणी नाही. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने ताईंना बाजूला घेतलं.

"काकू, पहिले सहा महिने महत्त्वाचे. पाण्याचा पेला हातात द्यायचा नाही. थोडा लांब ठेवायचा."

"मला शिकवतेस होय!" ताई हसल्या.

घरी आल्यावर पेला टेबलाच्या पार टोकाला ठेवला. नवऱ्याचा हात उचलला गेला, अर्ध्यातूनच मांडीवर पडला. आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते म्हणाले, "अगं, तू दे ना."

झालं. दगडाचं काळीज तिथल्या तिथे विरघळलं. पेला उशाशी आला, पाठोपाठ चष्मा, कंगवा, पेपर. दाढी ताई करू लागल्या, घास ताई भरवू लागल्या. बहिणीचा फोन आला की म्हणायच्या, "दमायला होतं गं, पण माझ्यावाचून यांचं पान हलत नाही!" तक्रारीला एवढा गोड आवाज बहिणीने आजवर ऐकला नव्हता. सहा महिने बघता बघता गेले.

सातव्या महिन्यात दार वाजलं. काठी टेकत, धापा टाकत बसचालक उभा.

"वहिनी, तीन जिने! दोनदा बसलो, एकदा तुमच्या घरमालकाला शिव्या घातल्या."

"तुमचं सगळं केलं कोणी?"

"कोण करणार? नळ स्वयंपाकघरात आणि तहान मला. पहिल्यांदा पाऊण तास लागला. पोचलो, तर भांडंच सांडलं. रडलो थोडा. पुन्हा भरलं."

नवरा त्याच्या बुटांकडे बघत होता. "नाडी तुम्हीच बांधलीत?"

"मग काय, तुम्ही येणार होतात बांधायला?" बसचालक खदखदून हसला. नवराही हसला, तोंडाच्या एकाच कोपऱ्याने.

तो गेल्यावर ताईंनी दार लावून घेतलं. मग नवरा म्हणाला, "मलाही तुझ्या पाळणाघरात घालायचं होतंस." आवाजात राग नव्हता. असता तर ताईंना भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेला खिडकीत ठेवला, खुर्चीपासून चार पावलांवर, आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याची कड घट्ट धरली.

"अगं."

ताईंनी ओठ मिटले. खुर्ची करकरली. त्यांनी श्वास रोखला. खुर्ची आणखी एकदा करकरली, मग घरभर शांतता. ताई उभ्याच राहिल्या. दुपार झाली.

"अगं, ऐकतेस का?" बाहेरून आवाज आला, अगदी समजुतीचा, जुना. "राहू दे. तुला कशाला त्रास. तशी मला तहान नाहीच."

सकाळपासून नवऱ्याच्या पोटात पाण्याचा घोट नव्हता.