दाराने धरलेली भिंत

माझ्या जावयाने, ॲल्बनने, सकाळी स्वयंपाकघरातल्या भिंतीतले तिरके लाकूड कापून काढले. फ्रिज बसत नव्हता म्हणून. इंग्लंडच्या हेरफर्डशरमधल्या आमच्या जुन्या घरांचा सारा जीव ओकच्या लाकडी सांगाड्यात असतो. खांब-तुळयांच्या मध्ये नुसता कूड आणि माती. सांगाडा कलू नये म्हणून ते तिरके लाकूड. हे मी त्याला कधी सांगितलेच नव्हते.

दुपारी पश्चिमेचा वारा सुटला आणि त्याच भिंतीतले मागच्या खोलीचे दार अडकले. आत माझी पाच वर्षांची नात हेस्टर होती.

मी शेजारून धावत आलो तेव्हा ॲल्बन कुऱ्हाड उचलून उभा होता.

"ठेव ती खाली."

"बाबा, पोरगी आत आहे."

"भिंत कललीय, तिचा भार दारावर आलाय. आत्ता दारानेच भिंत धरलीय. ते फोडलंस तर सगळं पोरीवर येईल."

खिडकीच्या लाकडी गजांतून मांजर बाहेर आले असते, मूल नाही. डोक्यावर तुळई करकरली आणि माझ्या मानेवर मातीचा चुरा पडला. चाळीस वर्षे सुतारकी केलेली, तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

"हेस्टर, धुराड्याला पाठ लावून बस बघू." विटांचे धुराडे भिंतीच्या आधारावर नसते.

"बसले. आजोबा, भिंतीला चीर पडलीय."

"केवढी? बोट जाईल?"

"तुम्हीच म्हणालात ना, इथे बस?"

"लांबूनच सांग."

"पेन्सिल जाईल."

"वाढली की लगेच सांगायचं."

ॲल्बनने सरपणातून ते लाकूड ओढत आणले. अजून अख्खे होते. आम्ही ते जुन्या जागी तिरके लावले, बुडाशी गाडीचा जॅक बसवला आणि मी दांडा फिरवू लागलो. सावकाश. घाईने खांबाचा सांधा फुटला असता.

"आता अंगठा जाईल," हेस्टरचा आवाज बारीक झाला होता.

"जोरात फिरवा ना, बाबा."

"गप्प राहा. मला तिचं ऐकू दे."

आणखी दहा-बारा फेरे.

"तेवढीच आहे." मग, "पेन्सिल."

मी आणखी दोन फेरे दिले.

"हेस्टर?"

"आता काहीच जाणार नाही."

दार आपोआप बोटभर सैल झाले. ॲल्बनने ते ओढले, पोरीला उचलले आणि थेट अंगण गाठले.

"बाबा, बाहेर या."

जॅक घट्ट बसला आहे हे मला कळत होते. तरी दांड्यावरचे हात सुटेनात.