ओट्यापर्यंतचं पाणी

सुनंदाबाईंनी एकतीस देश पाहिले होते, त्यातले निम्मे एकटीनं. पण बालाघाटहून जेमतेम दीड तासावर, खैरलांजीकडच्या एका गावात पाऊल टाकायची हिंमत त्यांना अडतीस वर्षांत झाली नव्हती. वाळवंटात उंटवाल्याशी हुज्जत घालणारी बाई, आणि त्या गावची बस दिसली की पानठेल्याआड तोंड लपवायची!

कारण होतं तिथल्या नाल्यावरचा पूल. जिल्ह्यातल्या पहिल्या महिला इंजिनीयरनं, म्हणजे साक्षात बाईंनीच, नोकरीच्या तिसऱ्या वर्षी बांधलेला. दर पावसाळ्यात दोन-चार दिवस तो पाण्याखाली जायचा आणि अख्खं गाव पलीकडं अडकून पडायचं. पूल मजबूत होता हो, एक दगड हलला नव्हता! फक्त बुटका होता. तक्रारी आल्या की बाई ठसक्यात उत्तर लिहायच्या, 'नाल्यात गाळ साचतो.' निवृत्त होईपर्यंत त्यांनी हा गाळ पुरवून वापरला.

आता रस्ता रुंद व्हायचा होता, म्हणून नवा पूल होणार होता. आणि नशीब बघा, ते काम आलं बाईंच्या भाचीकडं, मयुरीकडं. तीही त्याच खात्यात इंजिनीयर. सोमवारी सकाळी ती जुनी फाइल घेऊन हजर.

"आत्या, ही तुझीच फाइल निघाली! पुराची लेव्हल तू लिहूनच ठेवली आहेस, तर मी तीच घेते. साहेब म्हणतात, मॅडमचा आकडा म्हणजे पत्थर की लकीर."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. येत्या रविवारी त्यांचा सत्कार होता. पत्रिकेवर फोटो त्याच पुलाचा, पुढं कमरेवर हात ठेवलेली तरुण सुनंदा, जणू वैनगंगाच अडवून आली आहे. पहिल्या रांगेत मयुरीचे हेच साहेब बसणार होते. गप्प राहिलं तर शाल, नारळ, टाळ्या; आणि नवा पूलही बुटका, पुढची पन्नास वर्षं.

"तो आकडा चूक आहे," बाई एका दमात बोलून गेल्या. "गाळबीळ काही नाही. थापा मारल्या मी."

मयुरीनं फाइल मिटली. मग बाईंनी सगळं सांगून टाकलं. पाणी कुठवर चढतं हे गावातल्या जुन्या माणसांना विचारून लिहायचं, अशी तेव्हाची रीत. पारावर महागू पाटील आणि दोन म्हातारे बसले होते. त्यांनी काठीनं मोहाच्या झाडाचं मूळ दाखवलं, "बस, इथवरच." त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. उंच पूल म्हणजे मोठी मंजुरी, म्हणजे वर्षानुवर्षं भिजत घोंगडं. कसा का होईना, पूल पदरात पडू दे, म्हणून त्यांनी पाणीच खाली उतरवलं. नाल्यावर मैनाबाई नावाची एक तरणी बाई धुणं धूत होती. ती म्हणाली होती, "बाई, पानी देवीच्या ओट्यावर चढते. म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं."

"मग तू ते लिहिलं का नाहीस?"

"माहिती देणाऱ्याच्या नावापुढं धुणं धुणारी बाई लिहिली असती, तर ऑफिसात म्हणाले असते, बाई शेवटी बाईचंच ऐकणार! म्हणून लिहिली तीन मिशांची नावं. पहिली महिला इंजिनीयर, आणि बाईचंच ऐकलं नाही. वा गं शहाणे!" बाई उठल्या. "चल, गाडी काढ. तुझी यंत्रंही घे."

एकतीस देश फिरलेली बाई स्कूटरवर भाचीला मागून घट्ट धरून त्या गावात उतरली. मैनाबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. केस पांढरे झाले होते, नजर तीच.

"मले ओळखलं काय?" बाईंनी विचारलं.

"हौ. बुटक्या पुलाची बाई." सूप काही थांबलं नाही.

"तुम्ही सांगितलं होतं. म्या ऐकलं नाही. चूक माही."

आता सूप थांबलं. "माही सून त्याच पुलाम्होरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाळंत झाली. पानी उतरायची वाट पाहता पाहता."

रस्त्यानं बाईंनी चार मजेदार वाक्यं जुळवून आणली होती. ती बाजूलाच राहिली. बाई अंगणातच रडल्या, चांगल्या हुंदके देऊन.

मैनाबाईनं रडू दिलं. मग म्हणाली, "आता काहून आली?"

"पुन्हा इचाराले. पानी कुठवर येते?"

गुडघ्यावर हात देऊन मैनाबाई उठली, देवीच्या ओट्याशी गेली आणि तिसऱ्या पायरीवर तळवा टेकवला. मयुरीनं तिथं मोजपट्टी उभी धरली, बाईंनी दुर्बिणीला डोळा लावला. जुन्या आकड्याहून सव्वा मीटर वर. बाईंनी दोनदा मोजलं, आकडा हलला नाही.

तिथंच पायरीवर बसून त्यांनी कागद लिहिला. 'माझा आकडा चुकीचा होता. गाळाचं कारण मी रचलं होतं.' माहिती देणाऱ्याच्या नावापुढं ठळक अक्षरात लिहिलं, मैनाबाई.

"रविवारी शाल घ्यायच्या आधी हाच कागद स्टेजवरून वाचते," त्या मयुरीला म्हणाल्या. अडतीस वर्षांनी त्यांना इतकं हलकं वाटत होतं, की आपण सुधारलो अशी त्यांची खात्रीच पटली. त्याच भरात त्यांनी पर्समधून शाईचा पॅड काढला, झाकण उघडलं आणि मैनाबाईचा अंगठा प्रेमानं हातात धरला.

मैनाबाईनं अंगठा सोडवून घेतला.

"सही येते मले. बारा साल झाले शिकून." पॅडकडं बघून तिनं मान हलवली. "आताही इचारलं नाही ना तू?"

बाईंनी निमूटपणे पेन पुढं केलं.