जाळीपलीकडचा पेढ्या

संघप्रियानं झाडूच्या दांड्यानं पाण्याचं भांडं जाळीच्या दारातून आत ढकललं आणि हात पटकन मागं घेतला. पोर्चच्या कोपऱ्यात पडलेला त्यांचा कुत्रा पेढ्या धडपडत उठला. मागचे पाय त्याला साथ देत नव्हते. त्यानं भांड्यात तोंड घातलं, पण खालचा जबडा लोंबतच राहिला. पाणी पोटात न जाता लाळेच्या तारांसोबत फरशीवर सांडत गेलं.

"बास, वहिनी. मागं सरका, आणि ते दार लावून घ्या," डॉ. कोरे म्हणाले. जुळे सोलापुरातल्या कितीतरी घरांतली कुत्री त्यांच्या हाताखालून गेली होती. पेढ्यालाही ते कान धरून दटावायचे. आज मात्र ते जाळीजवळही जात नव्हते.

"घशात हाड अडकलंय ना?" तिनं विचारलं.

"हाड नाही वाटत." त्यांनी आवाज खाली आणला. "पिसाळायचाच प्रकार आहे. सगळीच कुत्री अंगावर धावत नाहीत, काही अशी गप्प पडतात. लस झाली होती?"

"पिल्लू असताना एक. पुढची राहिली."

खांबाला टेकून उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्यानं, नवनाथनं, आपला उजवा हात नकळत शर्टाला पुसला. परवा याच हातानं त्यानं पेढ्याचा जबडा फाकवून हाड शोधलं होतं.

"सगळ्यांनी आजच लस घ्यायची," डॉक्टर म्हणाले. "पण कुणाला दात लागला असेल, तर नुसत्या लसीवर भागत नाही. दुसरं एक इंजेक्शन असतं, ते जखमेतच द्यावं लागतं. म्हणजे जखम कुठं आहे ते कळायला पाहिजे. मुलांना नीट विचारा. आजार एकदा अंगात भिनला की कुणाच्या हातात काही राहत नाही."

"चावायचा न्हाई हो त्यो," नवनाथ म्हणाला. "लेकरांच्या ताटातलं खातोय की."

आतल्या खोलीत दोघं पलंगावर बसली होती. दुसरीतली अनोमा आणि चार वर्षांचा सम्यक. संघप्रियानं दार लोटलं, सम्यकचे कपडे उतरवले आणि त्याला उजेडात उभं केलं. तिची बोटं पोटरीवरून फिरली तसा तो गुदगुल्या होऊन हसायला लागला.

"हे काय?" गुडघ्यावर खपली होती.

"शाळेत घसरगुंडीवरनं पडला," अनोमा म्हणाली.

"आणि हे?"

"डास चावलाय."

"मी त्याला विचारतेय, अनू."

सम्यकनं आधी ताईकडं बघितलं. मग म्हणाला, "डास."

संघप्रियाचा हात थांबला. तिनं अनोमाच्याही बाह्या वर केल्या, तळवे बघितले, घोटे बघितले. काही नव्हतं.

दार ढकलून नवनाथ आत आला. "सापडलं काय? अनू, खरं बोल. चावला का कुणाला? बोल लवकर!"

सम्यकचा खालचा ओठ थरथरला. अनोमा फरशीकडं बघत "नाही" म्हणाली.

"अहो, तुम्ही बाहेर थांबा," संघप्रिया म्हणाली. "ओरडून नाही व्हायचं हे."

तो गेला. बाहेरून डॉ. कोऱ्यांचं फोनवरचं बोलणं अर्धवट ऐकू येत होतं. महापालिका, गाडी, लवकर पाठवा.

"मम्मी," अनोमानं हळूच विचारलं, "पप्पा पेढ्याला सोडून येणारेत?"

आता कुठं संघप्रियाच्या ध्यानात आलं. दिवाळीच्या आधी पेढ्या दूधवाल्यावर गुरगुरला होता, तेव्हा नवनाथ जेवताना म्हणाला होता, कुणाला एकदा जरी चावला तर वैरागच्या रस्त्याला सोडून येईन. तो बोलून मोकळा झाला होता. अनोमाचा घास मात्र हातातच राहिला होता.

'नाही गं, कुणी नाही नेणार त्याला.' वाक्य संघप्रियाच्या ओठांवर आलं होतं. एवढं म्हटलं असतं तर पोरीनं सगळं सांगून टाकलं असतं. मग थोड्या वेळानं दारात महापालिकेची गाडी उभी राहिली असती.

तिनं ते वाक्य गिळलं आणि ती पलंगाशेजारी फरशीवर बसली.

"अनू, पेढ्या बरा होणार नाही. तो मरणार आहे. तू सांगितलंस तरी, आणि नाही सांगितलंस तरी. तुझ्यामुळं त्याचं काही वाईट व्हायचं नाही."

गल्लीतून भंगारवाल्याचा भोंगा ओरडत गेला. मग अनोमा उठली, सम्यकच्या मागं गुडघ्यांवर बसली आणि आई उवा बघते तसे दोन्ही हातांनी तिनं त्याच्या कानावरचे केस बाजूला केले.

तिथं लालसर बारीक ओरखडा होता. त्याच्या टोकाला रक्त सुकलं होतं.

"चावला नाही तो," ती म्हणाली. "काल आम्ही हाड बघायलो होतो. पप्पांना सापडलं नव्हतं म्हणून. मी बॅटरी धरली होती. सम्यकनं लई जवळ डोकं नेलं आणि पेढ्यानं मान झटकली. मुद्दाम नाही केलं त्यानं."

"मुद्दाम नाही केलं," सम्यकनंही सांगितलं.

पुढचं सगळं संघप्रियानं जणू दुसऱ्याच कुणाच्या हातांनी केलं. सम्यकला नळाखाली बसवलं, साबण लावला. तो किंचाळायला लागला. नवनाथनं त्याला धरलं. ओरखडा बघून तो ओरडला नाही. फक्त त्याच्या हातातून साबण दोनदा निसटला. खिडकीतून डॉ. कोरे सांगत होते, "धुवा. अजून धुवा. रडू दे त्याला. वेळेत सापडलंय, घाबरू नका. इथं मी थांबतो."

चौघं मागच्या दारानं निघाले. स्कूटर पोर्चसमोरून गेली तेव्हा जाळीपलीकडून कसलाच आवाज आला नाही. पुढं उभी असलेली अनोमा वळणापर्यंत मान मागं करून बघत राहिली.

सिव्हिल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी सम्यकची जखम पुन्हा धुतली आणि इंजेक्शन तिथंच, त्या ओरखड्यात दिलं. त्याच्या ओरडण्यानं बाहेरच्या बाकांवरची माणसं उठून दारापर्यंत आली. मग सगळ्यांना लस दिली. अनोमानं दंडात सुई जाताना तोंड फिरवलं नाही.

बाहेर आल्यावर संघप्रियाचा फोन वाजला. डॉ. कोरे होते. ती खिडकीशी गेली, ऐकत राहिली. "बरं," म्हणाली. "उपकार झाले तुमचे."

वळली तर अनोमा मागंच उभी होती.

"पेढ्या गेला?"

संघप्रिया खाली वाकली. "हो. गाडी यायच्या आधीच. जागेवरच."

अनोमानं ओठ घट्ट मिटले. डोळे भरले, पण तिनं ते बाहीला पुसून टाकले. बाकावर नवनाथच्या मांडीवर सम्यक हुंदके देत पडला होता. आई दिसताच त्यानं मान उचलली.

"मम्मी, पेढ्या काय करायलाय?"

संघप्रियानं तोंड उघडलं, तेवढ्यात अनोमानं तिचा पदर ओढला.

"घरी गेल्यावर सांगू," ती आईच्या कानाशी पुटपुटली. "आत्ता त्याचं लई दुखायलंय."

संघप्रियानं नवनाथकडं बघितलं. त्यानं ऐकलं होतं. तो मान खाली घालून सम्यकच्या बुटाचे बंद सोडायला लागला.

"झोपलाय," संघप्रिया म्हणाली, आणि अनोमाला जवळ ओढून बाकावर बसली.